कंपाउंडरकाकांची वकिली

दवाखान्यात ते कंपाउंडर होते, पण बाकावर बसलेल्या लोकांच्या लेखी वकील. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, वजन घ्यायचं, नंबराप्रमाणे एकेकाला आत सोडायचं, ही त्यांची पगाराची कामं. वकिली मात्र हौसेची होती आणि फुकट होती. फुकटच्या गोष्टीचा माणसाला फार अभिमान असतो, तसा काकांना या वकिलीचा होता. त्याच अभिमानापायी एका गरीब पोरीचं नुकसान झालं. ते नंतर कुणालाच भरून देता आलं नाही, म्हणून ही सगळी हकीगत सांगायची.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून दोन बाक, कोपऱ्यात वजनकाटा आणि औषधांच्या कपाटाजवळ काकांचं टेबल. आतल्या खोलीत डॉक्टरीणबाई. दोन्हींच्या मध्ये दार नव्हतं, जाडसर हिरवा पडदा होता. आतलं बोलणं बाहेर निम्मं ऐकू यायचं आणि उरलेलं निम्मं बाकावरची मंडळी आपल्या पदरचं घालून पूर्ण करायची.

बाईंच्या हाताला गुण होता. जीभ मात्र तिखट. आणि त्यांचा एक नियम होता, जो आसपासच्या गल्ल्यांमधल्या पोराटोरांनाही पाठ होता: औषध नाव घेऊन मागायचं नाही. मागितलं की संपलं. "औषध कुठलं ते तुम्हालाच ठाऊक आहे, तर माझ्याकडे कशाला आलात? माझा चेहरा बघायला?" असं म्हणून त्या पुढच्या माणसाला हाक मारायच्या. मागणारा लहान असो, म्हातारा असो, सुटाबुटातला असो, सगळ्यांना एकच माप.

आता बाई काही जन्मतःच अशा खडूस नव्हत्या. पूर्वी त्यांच्याकडे एक नीटनेटका, गोड बोलणारा माणूस यायचा. पाठ दुखते म्हणायचा, एका दुखणं थांबवणाऱ्या गोळीचं नाव सांगायचा, आणि बाई विश्वासानं लिहून द्यायच्या. बरेच महिने हे चाललं. मग एका सकाळी त्याची म्हातारी आई येऊन बाकावर बसली. मुलगा त्या गोळ्या मूठमूठ खात होता, आणि आता त्याला शुद्धीवर आणायला मोठ्या इस्पितळात नेलं होतं. म्हातारी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही लिहून दिलेल्या होत्या, म्हणून मी त्याला कधी विचारलं नाही." बाईंना ते फार लागलं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. बाईंनी ताकच बंद करून टाकलं.

काकांना ते सगळं ठाऊक होतं. म्हातारीला पाण्याचा पेला त्यांनीच दिला होता. पण बाहेर बसणाऱ्याला दुसरी बाजूही दिसते, ती आत बसणाऱ्याला दिसत नाही. चांगली, सरळ माणसं नुसत्या नावापायी बोलणी खाऊन पडद्याबाहेर यायची, तेव्हा त्यांचे चेहरे काकांना बघावे लागायचे.

सुरुवात एका निवृत्त पोस्टमनपासून झाली. बिचारा रक्तदाबाचा जुना रोगी. त्यानं आपली नेहमीची गोळी नाव घेऊन मागितली, बाईंनी फटकारलं आणि दुसरीच दिली. त्या दुसरीनं त्याचे पाय सुजून खांबासारखे झाले. पुन्हा आला तेव्हा काकांनी त्याला टेबलाजवळ बोलावून हळूच सांगितलं, "गोळीचं नाव घेऊ नका. नुसतं म्हणा की या गोळीनं पाय सुजतात, आधीच्या गोळीनं सुजत नव्हते. पुढचं त्यांचं त्या बघतील." म्हातारा आत गेला, सांगितलं तसं बोलला आणि आपली जुनी गोळी लिहून घेऊन बाहेर आला. काकांचे दोन्ही हात धरून तो म्हणाला, "तुम्ही वकील व्हायला हवं होतं." बाकावरची माणसं हसली आणि काकांना ते नाव चिकटलं.

पोस्टमनचं ते बोलणं खरंच होतं, हे लक्षात ठेवायला हवं. पाय खरोखर सुजले होते. पण माणसाला एकदा यशाची चटक लागली की खरं कुठे संपलं आणि बनाव कुठे सुरू झाला, ते त्याचं त्यालाच कळत नाही. हळूहळू काकांच्या मदतीची जागा शिकवणीनं घेतली. ज्याला जी गोळी हवी, तिला साजेसं दुखणं काका शिकवायचे. पित्ताच्या गोळीसाठी, "जेवल्यावर छातीत जळजळतं, आडवं पडलं की घशाशी येतं." झोपेच्या गोळीसाठी, "रात्रभर डोळा लागत नाही, छातीत धडधडतं, सकाळी अंगात त्राण नसतं." याच क्रमानं बोलायचं, मध्ये थांबायचं नाही, आणि विचारलं तर जास्त काही सांगायचं नाही. जास्त बोललं की माणूस फसतो.

यात गमतीही व्हायच्या. एक सामान वाहणारा गाडीवाला होता, अंगानं रेड्यासारखा आणि डोक्यानं जरा बेताचा. त्याला पित्ताचीही गोळी हवी होती आणि गुडघ्याचीही. काकांनी दोन्ही दुखणी घोटून घेतली. हा पठ्ठ्या आत गेला आणि बाईंना म्हणाला, "जेवलं की गुडघ्यात जळजळतं." बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग गुडघ्यानं जेवत जाऊ नका." बाहेर बाकावर लोक तोंडं दाबून हसत होते. काकाही हसले. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी बायकोला हा किस्सा रंगवून सांगितला.

काकू हसल्या नाहीत. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. घडी घालता घालता म्हणाल्या, "लोकांच्या तोंडात आपले शब्द घालणं बरं नव्हे."

"अगं, त्यांचं भलं होतं. बाईंचंही समाधान होतं, आपणच औषध ओळखलं म्हणून."

"खोट्यावर ओळखलं ना पण?"

"तुला नाही कळायचं ते," काका म्हणाले. ज्या माणसाला स्वतःलाच एखादी गोष्ट पटवून देता येत नाही, तो नेहमी असंच म्हणतो.

आणि बाई काही दुधखुळ्या नव्हत्या. एकदा दवाखाना बंद करताना हात पुसत त्या म्हणाल्या, "काका, आजकाल अख्ख्या गल्लीची झोप एकाच पद्धतीनं उडते, नाही?" काकांनी पट्टीची गुंडाळी उचलली आणि ती नीट गुंडाळलेली असतानाही सोडवून पुन्हा गुंडाळायला घेतला. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर किती बरं झालं असतं, असं काकांना नंतर हजारदा वाटलं.

दवाखान्याच्या शेजारी दोन दुकानं सोडून टेलरमास्तरांचं दुकान होतं. तिथे एक मुलगी नव्यानं कामाला लागली होती. आईला घेऊन दुसऱ्या गावाहून आलेली. काज करण्यात तिचा हात असा बसलेला की मास्तरांनी मशीनवरची काजं बंद करून सगळी तिच्याकडे दिली. म्हणून सगळे तिला काजवाली म्हणत. काज करायची, बटणं लावायची, तुरपाई करायची आणि शेवटी इस्त्री मारून कपडा घडी करून ठेवायचा, हे तिचं काम. घर तिच्याच बोटांवर चालायचं. काकांच्या जुन्या शर्टाची विटलेली कॉलर तिनं अशी उलटून शिवून दिली होती की शर्ट नवा वाटायला लागला. काकांना ती आवडायची. मुलगी असती तर अशी असती, असं ते काकूंना म्हणाले होते.

ती दवाखान्यात आली तो सोमवार होता, आणि सोमवारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. एक पोर भोकाड पसरून रडत होतं, दोघांची नंबरावरून जुंपली होती, आणि काका एकाच्या पायाची पट्टी सोडवत होते. काजवाली टेबलाशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात गोळ्यांची रिकामी पट्टी होती, जिच्यातली शेवटची गोळीही संपलेली.

"काका, या माझ्या गोळ्या. आमच्या तिकडचे डॉक्टर द्यायचे. बाईंना ही पट्टी दाखवायची होती."

काकांनी पट्टीकडे एक नजर टाकली. नाव वाचलं. झोप आणणाऱ्या गोळ्यांच्या जातीतली ती गोळी, एवढं त्यांना लगेच कळलं. ती फिट येणाऱ्यांनाही देतात, हेही त्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायलासुद्धा त्यांना जागा नव्हती. पण त्या सकाळी बाकावर निम्मी माणसं झोपेसाठी आलेली होती, आणि काकांच्या डोक्यात झोपच भरलेली होती. आणि त्यांना वकिली करायची होती. समोर अशील उभं होतं.

"आधी ती पट्टी पिशवीत टाक," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बाईंना पट्टी दाखवलीस, नाव घेतलंस, की हात हलवत घरी जाशील."

"पण काका, मला या गोळ्या बंद करून चालत नाही. मला—"

"कळलं गं. दिवसाला दहा जण येतात असे. झोपेचं ना?"

"झोपेचं नाही हो," ती म्हणाली, आणि तिनं बाकावरच्या माणसांकडे बघितलं. पुढचं बोलली नाही. झोपेची गोळी खाते हे सांगायला पोरगी लाजते आहे, असा काकांनी त्याचा अर्थ लावला.

खरं काय होतं, ते नंतर तिच्या आईकडून कळलं. तिला लहानपणापासून फिट यायची. त्या एका शब्दापायी तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, एक कामही गेलं होतं. तो शब्द तिच्या तोंडातून निघत नसे. म्हणून तर ती पट्टी हातात धरून आली होती. पट्टी पुढे केली की डॉक्टरांना आपोआप कळतं, आपल्याला बोलावं लागत नाही, असा तिचा साधा हिशेब होता. आणि काकांनी ती पट्टीच पिशवीत टाकायला लावली.

"असं बोल," काका म्हणाले, आणि त्यांनी झोपेचं सगळं तिला सांगितलं. रात्रभर डोळा लागत नाही, छातीत धडधडतं, सकाळी अंगात त्राण नसतं. "एवढंच. बाई खोदून विचारतील. जास्त बोलायचं नाही. बोललीस की फसलीस."

बाकावरची एक बाई पुढे वाकून म्हणाली, "ऐक त्यांचं. आम्हा सगळ्यांना गुण आलाय त्यांच्या सांगण्यानं." दुसऱ्यानं मान डोलावली. एवढी सगळी वडीलधारी माणसं सांगतात म्हटल्यावर ती पोर काय करणार?

तिचा नंबर आला. काका रोग्याच्या पायाला पट्टी बांधता बांधता पडद्याकडे कान देऊन होते. काजवालीनं सगळं ओळीनं म्हटलं, एका शब्दाची चूक केली नाही. हुशार आहे पोरगी, असं काकांच्या मनात आलंसुद्धा.

"आणखी काही होतं का तुला?" बाईंनी विचारलं.

हाच तो क्षण होता. काकांना पुढे कितीतरी दिवस हा प्रश्न ऐकू यायचा, भाजी आणताना, दाढी करताना. आणखी काही होतं का तुला? पडद्याआडून ती पोर म्हणाली, "नाही."

"चहा कमी कर. सकाळी मोकळ्या हवेत चालून ये. हे टॉनिक घे." बाईंचा आवाज कोरडा होता.

ती बाहेर आली ती कावरीबावरी झालेली. "काका, ती गोळी नाही दिली हो."

आणि काकांनी तिला काय सांगावं? त्यांनी तिला धीर दिला. "अगं, पहिल्या खेपेला नाही देत. आठवड्यानं ये, आपण जरा वाढवून सांगू." तिनं मान हलवली आणि गेली. तिचा त्यांच्यावर विश्वास होता.

आठवडा काही पुरा झाला नाही. एका दुपारी मास्तर धावत आले. गळ्यात मापाची टेप तशीच, पायात चप्पल नाही. "बाई, लवकर चला, ती पडलीय," एवढंच त्यांना बोलता आलं. बाई उठल्या. काकांनी बॅग उचलली आणि ते त्यांच्या मागे धावले.

दुकानात सगळी मशीनं बंद होती. इस्त्रीच्या टेबलाखाली ती पडली होती आणि तिचं अंग अजून झटके देत होतं. इस्त्री करताना फिट आली होती. पडताना तिनं आधारासाठी इस्त्रीची वायर धरली असावी, कारण तापलेली इस्त्री तिच्याबरोबर खाली आली आणि तिचा उजवा हात इस्त्रीखाली राहिला. मास्तर पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाचं माप घेत होते. वास आला तेव्हा त्यांना वाटलं, कापड जळलं.

बाईंनी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली घडी केलेलं कापड सरकवलं. झटके थांबल्यावर त्यांनी हात बघितला आणि पाणी आणायला सांगितलं. मग काकांनी आणि त्यांनी मिळून हातावर गार पाणी धरलं.

"हिला आधी कधी असं झालं होतं?" बाईंनी विचारलं. मास्तरांना काही माहीत नव्हतं. कुणीतरी तिची पिशवी आणून दिली, घरचा पत्ता मिळतो का बघायला. बाईंनी ती उपडी केली आणि ती रिकामी पट्टी बाहेर पडली. त्यांनी ती वाचली.

"ही फिटची गोळी खात होती," बाई म्हणाल्या. "ती एकदम बंद झाली म्हणून हे झालं. काका, ही आपल्याकडे आली होती ना परवा?"

"हो."

"मला झोप येत नाही म्हणून सांगत होती. हे का नाही सांगितलं हिनं मला?"

काकांनी तोंड उघडलं. "गाडी बघतो," ते म्हणाले आणि बाहेर पळाले. हो, पळालेच. दुसरा शब्द नाही त्याला.

त्यानंतर काकांचं बोलणं आटलं. इस्पितळात ते दोनदा गेले. पहिल्यांदा वॉर्डाच्या दारातूनच परतले. दुसऱ्यांदा आत गेले, तेव्हा ती झोपलेली होती आणि हात कोपरापर्यंत बांधलेला होता. तिच्या आईनं त्यांना बसायला स्टूल दिलं. म्हणाली, "दादा, या नव्या गावात आमचं कोण आहे? तुम्हीच तेवढे चौकशीला आलात." तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर काकांना ते स्टूल एवढं टोचलं नसतं. तिथेच आईनं त्यांना मोडलेल्या लग्नाचं सांगितलं, गेलेल्या कामाचं सांगितलं, पट्टी घेऊन जायची युक्ती तिचीच होती हेही सांगितलं. "पण पट्टी दाखवायची ती विसरली वाटतं," आई म्हणाली. काका "हं" म्हणाले. कबुली द्यायला गेलेला माणूस "हं" म्हणून परत आला.

घरी काकूंनी त्यांना ताटावर नुसतं बसून राहिलेलं बघितलं आणि विचारलं. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आता ही म्हणणार, मी सांगत होते, म्हणून ते मान खाली घालून बसले. काकू तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "डॉक्टरीणबाईंना सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगता?" असं म्हणून त्या उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेवटचा रोगी गेल्यावर काका पडदा बाजूला करून आत गेले. बाई बेसिनपाशी हात धूत होत्या. काकांनी उभ्यानंच सांगितलं. पोस्टमनपासून सुरुवात केली आणि पिशवीत टाकायला लावलेल्या पट्टीपर्यंत आले. बाईंनी नळ बंद केला तरी त्या वळल्या नाहीत.

"मला काढून टाका," काका म्हणाले.

"ते सगळं मला पाठ झालं होतं, काका," बाई म्हणाल्या. "डोळा लागत नाही, धडधडतं, त्राण नसतं. कोण शिकवतं ते विचारायचं मी टाळलं, कारण ते तुम्ही आहात हे मला ऐकायचं नव्हतं. म्हटलं, कशाला उगाच. अलीकडे असा पढवलेला माणूस आला की मी टॉनिक लिहायचे आणि वाटेला लावायचे. ती पोर पहिलं वाक्य बोलली आणि मी ऐकायचं सोडून दिलं. आणखी काही होतं का, असं विचारलं खरं, पण विचारताना मी टॉनिकचं नाव लिहीत होते." त्या वळल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल झालेले होते. "तुम्ही तिला नाव घेऊ दिलं असतं, तर मी तिला हाकललं असतं. ते नाही घेतलं, तर टॉनिक दिलं. मग तिनं माझ्याकडे यायचं तरी कसं, सांगा मला."

बाईंनी त्यांना काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं, कारण मग रोज त्या टेबलाशी बसावं लागलं नसतं.

नियम मात्र बदलला. बाईंनी स्वतः बाहेरच्या खोलीत येऊन सांगितलं, "गोळ्यांची नावं घ्या, पट्ट्या आणा, मागायचं ते मागा. द्यायचं की नाही हे मी ठरवीन. नाही दिलं तर का नाही ते सांगेन. पण आधी का मागता, ते ऐकल्याशिवाय कुणाला परत पाठवणार नाही." बाई आत गेल्या आणि कुजबुज सुरू झाली. बाईंचा काहीतरी डाव आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

काका प्रत्येकाला सांगायचे, "जे होतंय ते सांगा. खरं ते सांगा." लोक डोळा मारायचे. म्हणायचे, "कळलं, वकीलसाहेब. आता असं बोलायचं आहे होय?" एकानं तर त्यांना बाजूला घेऊन विचारलं की बाईंना संशय आलाय का. काकांनी चिडून सांगितलं तर लोक म्हणायला लागले, काकांचं बिनसलंय. आणि त्यांचं तोंड बंद झालं म्हणून काही अडलं नाही. त्यांनी शिकवलेलं सगळं आता बाकावरचे लोकच एकमेकांना शिकवत होते, त्याच क्रमानं, मध्ये न थांबता. काका टेबलामागे बसून ते ऐकायचे. बोललेला शब्द परत घेता येत नाही, हे आपण सगळे जाणतो. काकांना तो रोज सकाळी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावा लागे.

मग एका सकाळी काजवाली आली. बरोबर आई होती. हातावरची पट्टी निघाली होती आणि तिनं तो हात ओढणीत गुंडाळला होता. बोटं तळव्याकडे वळून बसली होती. पुढे थोडी उघडतील, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पेला धरता येईल, दाराची कडी लावता येईल. सुई धरता येणार नाही. मास्तर भला माणूस, त्यांनी तिला गल्ल्यावर बसायला सांगितलं होतं. ती दोन दिवस बसली आणि तिच्या टेबलावर दुसऱ्या मुलीला काजं करताना बघून उठून आली, असं आई हळू आवाजात काकांना म्हणाली. काकांनी नंबर वगैरे काही बघितला नाही. त्यांनी पडदा वर धरला आणि तिला घेऊन ते आत गेले.

बाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी तिला स्वतःजवळ बसवलं, हात बघितला, बोटं एकेक करून हलवून बघितली. इस्पितळातून तिला गोळी पुन्हा सुरू करून दिली होती, आता पुढचं बाईंनाच बघायचं होतं. काका बाहेर जायला वळले तेव्हा बाई म्हणाल्या, "थांबा तुम्ही." मग त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "आता मला सगळं पहिल्यापासून सांग. फिट कधीपासून येतात, कशी येतात, कुठली गोळी चालते, कुठली चालत नाही. नाव घेऊन सांग. मला काही घाई नाही."

मग बाईंच्या खांद्यावरून तिनं काकांकडे बघितलं.

काका तिच्या या नजरेची वाट बघत होते. किती दिवस त्यांनी त्याची तयारी केली होती. ती रागावेल, रडेल, तोंड फिरवेल, आणि आपण ते सोसू. खरं तर त्यांना तेच हवं होतं. पण तिच्या नजरेत राग नव्हता. होता तो जुनाच विश्वास.

"काका," तिनं हळूच विचारलं, "खरं सांगितलं तर चालेल ना?"

"चालेल, बाळ," बाईच म्हणाल्या.

पण तिनं बाईंकडे बघितलं नाही. वाकड्या झालेल्या बोटांचा हात मांडीवर घेऊन ती काकांच्या मानेकडे बघत बसली, आणि ती मान हलेपर्यंत एक शब्द बोलली नाही.